‘भागतंय’ला इंग्रजीत काय म्हणतात

माझी आत्या टाचण्या ओठांत धरून बोलते. शिवणकाम करणाऱ्या पुष्कळ बायका टाचण्या ओठांत धरतात, पण तेवढा वेळ त्या गप्प बसतात. आत्याला गप्प बसणं जमत नाही. ओठांचा उजवा कोपरा टाचण्यांना आणि डावा बोलण्याला, अशी तिने वाटणी केलेली आहे. ह्या वाटणीत प, फ, ब, भ ह्या मंडळींचे फार हाल होतात. सगळी ‘म’ होऊन बाहेर पडतात. माप घेताना ती म्हणते, "माठ सरळ करा," आणि गिऱ्हाईक ताठ उभं राहून विचार करत बसतं की ही आपल्याला नेमकं काय म्हणाली.

समोरच्या इस्त्रीवाल्या काकू रोज सकाळी दारातून विचारतात, "काय गं, कसं चाललंय?"

"मागतंय," आत्या म्हणते.

"कोण मागतंय?"

मग आत्या टाचण्या हातात काढून घेते. "भागतंय हो काकू, भागतंय."

काकूंना हे रोज कळतं आणि रोज नव्याने कळत नाही. मी हे दोन्ही आवाजांत करून दाखवते. आत्यासाठी ओठांत झाडूची काडी धरते. आजोबा त्यामुळे मला टेप म्हणतात. घरात मोजायची टेप आत्याची आणि बोलायची टेप मी.

तर भागतंय. आमच्या घरात हे एकच क्रियापद खऱ्या अर्थाने राबतं. आजोबा, आई, आत्या आणि मी, अशी आम्ही चार माणसं दोन खोल्यांत राहतो. बाबा बोटीवर आहेत. त्यांच्याकडून येतं तेव्हा येतं. आई बेकरीत पाव कापायच्या मशीनवर आहे. लांब पावाच्या दोन्ही टोकांच्या जाड कडा पाकिटात जात नाहीत, त्या कामगारांना नेता येतात. त्यामुळे पावाचं मऊ पोट जगात कुणीतरी खातं आणि टोकं आम्ही खातो. अंडं असलं की ते उकडून आत्याकडे जातं. सुरीने कापलं की बलक पात्याला चिकटतो आणि तेवढा फुकट जातो, म्हणून ती पांढरा दोरा घेऊन, दोन्ही हातांत ताणून, अंड्यातून सर्रकन ओढते. एकदा उभा, एकदा आडवा. चार फोडी, सगळ्या सारख्या. आजोबा तरीही आपली फोड डोळ्यांसमोर धरून तपासतात.

"अप्पा, मापात आहे," आत्या म्हणते.

"मी कुठं काय म्हणालो. बघतोय नुसतं."

यंदा आत्याला हॉटेलात काम लागलं. मोठं हॉटेल, खाली काचेचं फिरतं दार असलेलं. तळघरात एक शिवणखोली आहे: पडदे, चादरी, वेटरांचे कोट. तिथे आत्याला तात्पुरतं घेतलं होतं, काम बघून कायम करू अशा बोलीवर. आतापर्यंत आमच्या जिन्याखालच्या शिलाई मशीनवर तिला गिऱ्हाइकाची वाट बघावी लागायची. इथे पगार ठरलेल्या तारखेला हातात पडणार होता. आईने तर मनातल्या मनात पुढच्या हिवाळ्याचे बूटही घेऊन टाकले होते.

अडचण एकच. मोठे साहेब बाहेरून आलेले, फक्त इंग्रजी बोलणारे. त्यांचं बोलणं गरम बटाटा तोंडात घोळवल्यासारखं, वाक्याचा शेवट गिळलेला. ते मराठीत करून सांगायला एक मॅडम आहेत. मॅडमचं प्रत्येक वाक्य "बेसिकली"ने सुरू होतं आणि साहेबांचं मोठं भाषण त्या एका ओळीत आटोपतात.

एक दिवस साहेबांनी सगळ्यांना जेवणाच्या दालनात उभं केलं. बराच वेळ बोलले. आत्याच्या कानात शेवटी एवढंच पडलं: "एव्हरीबडी मस्ट टाइटन देअर बेल्ट्स."

मॅडम म्हणाल्या, "बेसिकली, सगळ्यांनी जरा मनावर घ्या."

आत्याने मनावर घेतलं. टाइट तिला येत होतं, बेल्ट तर तिच्या धंद्यातलाच शब्द. वेटरांच्या काळ्या कोटांना कमरेवर कापडी पट्टा शिवलेला असतो. एव्हरीबडी म्हणजे सगळे. तिला वाटलं, शिवणखोलीला काम आलं. जेवायलाही न उठता तिने सगळ्या कोटांच्या कमरा दोन-दोन बोटं आत घेतल्या, आणि घरी येऊन खूश होऊन म्हणाली, "साहेबांची नजर बारीक आहे हो. कोट ढगळच होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी वेटर लोक श्वास रोखून वाढत होते. त्यांतला थोराड वेटर एका पाहुण्याला सूप वाढायला वाकला आणि त्याच्या कमरेचं बटण सुटून सरळ बशीत पडलं. पाहुण्याने ते चमच्याने वर काढलं आणि बराच वेळ बघितलं. त्याला ते सुपातलंच वाटलं असावं, कारण चावून बघितलं म्हणतात.

मॅडम शिवणखोलीत आल्या. "बेसिकली, साहेब तुला शुक्रवारी बघणार आहेत."

"बघणार म्हणजे?"

"म्हणजे ठेवायचं की नाही."

संध्याकाळी आत्या घरी आली ती टाचण्यांशिवाय, आणि तरीही तिला बोलता येईना. आईने चहा ठेवला. आजोबा म्हणाले, "बेल्ट टाइट करा म्हणाला, तिने केला. चूक कुणाची?"

हे विचारायला आम्ही वरच्या मजल्यावर गेलो, अर्थात सरांकडे. सर शिकवण्या घेतात आणि ‘अर्थात’ म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडाचं दार उघडत नाही. आत्या त्यांच्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलरी उसवून, उलटून, पुन्हा लावून देते. त्याबदल्यात ते इंग्रजी सांगतात. एका कॉलरला एक संध्याकाळ.

"अर्थात," सर म्हणाले, "टाइटन द बेल्ट म्हणजे खर्च कमी करा. आपण म्हणतो ना, पोटाला चिमटा."

आत्या म्हणाली, "मग कमरेला कशाला हात घालायचा? पोट म्हणावं की सरळ."

"अर्थात, उपाशी माणसाचं पोट आत जातं. मग पट्टा सैल होतो. मग तो घट्ट करावा लागतो."

"म्हणजे आधी जेवण कमी करायचं, मग बेल्ट."

"अर्थात."

"आणि मी आधी बेल्ट केला. वेटर जेवूनच आले होते." तिने कपाळाला हात लावला.

सरांचं म्हणणं पडलं की हॉटेलात सध्या पाहुणे कमी, त्यामुळे साहेबांच्या तोंडी ही कमी-खा-कमी-खर्चा छापाचीच भाषा असणार. शुक्रवारी त्या भाषेतलंच विचारतील. तेव्हा तेवढी पाठ करून टाकावी. मग ते स्वतःच खाली आमच्या खोलीत येऊन बसले, उलटी केलेली कॉलर मानेभोवती चाचपत. आई पावाच्या कडा शेकत होती.

"अर्थात, मेक बोथ एन्ड्स मीट."

"एन्ड्स म्हणजे?" आत्या.

"टोकं. कडा."

आईने चिमट्यातली कड वर धरली. "ह्या?"

"आणि मीट म्हणजे मटण," आजोबा म्हणाले. एवढं इंग्रजी त्यांना येतं. "दोन कडांच्या मधे मटण. चांगलं आहे की. हे गरीब लोक खातात तिकडे?"

"अर्थात ते मीट वेगळं. हे भेटणे."

"कडा भेटतात? कुणाला?"

"एकमेकींना. अर्थात, तोंडमिळवणी."

इथे आत्याचा चेहरा उजळला. कमरपट्टीची दोन टोकं भेटली नाहीत तर हूक लावायचा कुठे, हे तिला कुणी सांगायला नको. "हे आपल्यासारखंच आहे," ती म्हणाली. "बेल्टपेक्षा बरं."

"अर्थात. पुढचं. हँड टू माउथ. हातातून तोंडात."

"जातोय ना तोंडात?"

"जातो."

"मग वाईट काय त्यात? घास हातातोंडाशी आला म्हणजे चांगलंच."

"अर्थात, इंग्रजीत ते वाईट. हातात आलं की लगेच तोंडात. मागे काही उरत नाही. आपलं ते हातावर पोट."

"हातावर पोट, हातातून तोंडात," आत्या बोटं दुमडत पुटपुटली. "आणि पोटाचं ते कमरेवर गेलं. ह्यांच्यात एकही अवयव जागेवर नाही."

मग सरांनी बुटाची नाडी काढली. कमी पैशांत काही चालवायचं तर ते नाडीवर चालवतात म्हणे. आत्या म्हणाली, नाडीवर फक्त पायजमा चालतो, आणि तोही भरवशाचा नाही. त्यानंतर आला लांडगा.

"अर्थात, कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर. लांडग्याला दाराबाहेर ठेवणे. म्हणजे कसंबसं जगणे."

आईने शेगडी बारीक केली.

"त्यांच्याकडे घरमालकाला लांडगा म्हणतात का?" आजोबांनी हळूच विचारलं, कारण आमचा घरमालक भिंतीपलीकडेच राहतो.

"अर्थात नाही. लांडगा म्हणजे भूक."

"भूक दाराबाहेर असते?" आई म्हणाली. "आमची तर आतच असते. बाहेरून यायचं कामच पडत नाही तिला."

सरांनी एक कड मागून घेतली आणि खाल्ली. मी तोवर सगळ्यांचे आवाज घेऊन बसले होते. नंतर तेच आत्याला परत ऐकवायचं माझं काम होतं: मी साहेबांचा गरम बटाटा तोंडात धरून विचारायचं आणि तिने उत्तर द्यायचं. तिचं फारच बिघडायला लागलं. लांडगा बेल्ट लावून दाराशी यायचा, दोन्ही हात एकमेकांना भेटायचे, तोंड नाडीवर चालायचं. "टाचण्या असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "ओठ रिकामे असले की काही सुचत नाही."

गुरुवारी संध्याकाळी ती वैतागून म्हणाली, "हे सगळं मरू दे. मला एकच शब्द हवाय. साहेब विचारतील घरी कसं काय, तर मी म्हणेन भागतंय. त्याला काय म्हणतात तेवढं सांगा. उगाच जनावरं नकोत."

सर वर होते, शिकवणीची मुलं गणितं सोडवत होती. आजोबा जिन्यात उभे राहिले आणि वर ओरडले, "सर, भागणे म्हणजे इंग्रजीत काय हो?"

वरून आवाज आला, "अर्थात, डिव्हाइड."

"डिव्हाइड," आजोबा खाली येऊन म्हणाले.

आत्याने तो शब्द जिभेवर घोळवला. "डिव्हाइड. वी डिव्हाइड." तिला तो पसंत पडला. लहान होता, त्यात कुठलाच अवयव नव्हता.

शुक्रवारी काय झालं ते आत्याने सांगितलं तसं सांगते. ती स्वतःचं बोलणं नीट सांगते, बाकीच्यांचे आवाज मात्र तिला काढता येत नाहीत. ते मी माझे घातलेत.

जेवणाचं दालन रिकामं. साहेब एकटेच खिडकीपाशी नाश्त्याला बसलेले, बाजूला मॅडम उभ्या. समोर पेपर, कॉफी आणि छोट्या कपात सोललेलं उकडलेलं अंडं. आत्या हात पुसत उभी राहिली, कोरडे होते तरी.

"व्हॉट इज टाइटन युवर बेल्ट?" साहेबांनी विचारलं.

आत्याला हे पाठ होतं, पण मराठीतून. "स्टमक पिंच, सर."

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी खिडकीकडे बघितलं.

"अँड हाऊ डू यू मॅनेज ऍट होम?"

मॅनेज, होम. मॅनेजर तिला माहीत होता. घरचा मॅनेजर कोण असं विचारत असणार. "होम मॅनेजर माय वहिनी, सर," ती म्हणाली. ते खरंही होतं.

"बेसिकली," मॅडम घाईने म्हणाल्या, "साहेब विचारतायत, ह्या पगारात घरी कसं भागतं?"

आत्या सांगते की तो शब्द मॅडमच्या तोंडून मराठीत ऐकला आणि तिला रडूच आलं असतं. एवढं सगळं पाठ केलं आणि नेमका हाच आला. ती मान वर करून म्हणाली, "वी डिव्हाइड, सर."

"डिव्हाइड?"

"येस सर."

"डिव्हाइड व्हॉट?"

आता काय सांगणार? भागतंय म्हणजे काय भागतंय असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. काकूंनीसुद्धा. ती म्हणते की तिला काही दिसेना, ना मॅडम, ना साहेब. फक्त ते अंडं दिसत होतं. तिच्या ब्लाउजला नेहमीसारखी सुई अडकवलेली होती, सुईत लांब पांढरा दोरा. तिने दोरा ओढून काढला, दोन्ही हातांत ताणला, "एक्सक्यूज मी सर" म्हणाली आणि साहेबांचं अंडं त्यांच्या कपातून उचललं. एकदा उभा, एकदा आडवा. चार फोडी बशीत मांडल्या. बोटाने दाखवत गेली: "फादर. वहिनी. मी. अँड टेप."

"टेप?" साहेब म्हणाले.

"टेप, सर. स्मॉल गर्ल. मच टॉकिंग."

मला हे अजूनही पटलेलं नाही, पण पुढे चला.

साहेबांनी बशी जवळ ओढली. आजोबांसारखीच एक फोड डोळ्यांसमोर धरून बघितली. मग तोंडात टाकली. आत्याच्या मनात आलं, हँड टू माउथ. त्यांनी चावली, गिळली, रुमालाने ओठ टिपले आणि मॅडमला म्हणाले, "शी विल डू." पेपर उचलला आणि त्याच्यामागे गेले. इतक्यात मॅडमचा फोन वाजला, त्या बोलत बोलत बाहेर गेल्या आणि परत आल्याच नाहीत. आत्याने संध्याकाळपर्यंत चादरींच्या कडा दुमडल्या. तिला कुणी ठेवलं असंही म्हणालं नाही, काढलं असंही म्हणालं नाही. ती घरी आली.

"शी म्हणजे मी," ती आम्हाला म्हणाली. "विल म्हणजे पुढे. डू म्हणजे करणे. ती करेल. काय करेन मी?"

"अंडी कापशील," आजोबा म्हणाले. "रोज सकाळी. साहेबाला आवडलं."

"वन्सं, आवाज कसा होता?" आईने विचारलं. "रागाने म्हणाले का?"

"बटाट्यासारखा होता. बटाट्याचा राग कसा कळणार?"

मग मला उभं केलं. मी रागावून म्हटलं: शी विल डू. शंका घेत म्हटलं: शी विल डू? कंटाळून म्हटलं. आत्या डोळे मिटून ऐकत होती, गिऱ्हाईक कापडाचा पोत बघतं तशी. "मधलं," ती म्हणायची. मी मधलं काढलं. "त्याहून थोडं जेवलेलं." मी थोडं जेवलेलं काढलं. "हां. असंच होतं." पण असं म्हणजे कसं, ते कुणालाच सांगता येईना. आईच्या मते आवाजात धमकी होती: आता करून दाखवेल नाहीतर बघतो. मी तो आवाज स्वतः काढला होता तरी मलाही सांगता येत नव्हतं.

शेवटी सरांना खाली बोलावलं. सगळी हकीकत ऐकताना ‘डिव्हाइड’पाशी सरांनी डोळे मिटून घेतले. "अर्थात, मला वाटलं गणित आहे."

"ते जाऊ द्या. विल डू सांगा."

सर कॉलर चाचपू लागले. "अर्थात… विल डू म्हणजे चालेल. धकून जाईल." मग त्यांचा हात थांबला. "अर्थात, भागेल."

आत्या खुर्चीत सरकून बसली. "मी भागेन?"

"तुमच्यावर त्यांचं भागेल."

"म्हणजे चांगली आहे म्हणाले?"

"अर्थात, फार चांगली असं नाही म्हणाले."

"वाईट?"

"अर्थात वाईटही नाही. चालण्याइतकी."

"ही स्तुती आहे का सर?"

सरांनी तोंड उघडलं. अर्थात आलं, त्याच्या मागून काही आलंच नाही. असं मी पहिल्यांदा बघितलं.

"विल म्हणजे पुढे," आजोबा म्हणाले. "आत्ता भागत नाही, पुढे भागेल, असं तर नाही?" ह्यावर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. त्या गडबडीत आई उठली आणि शेगडीवरच्या कडा करपण्याआधी उलटल्या.

सोमवारी आत्या काय समजून कामावर गेली कोण जाणे. शिवणखोलीत टेबलावर वेटरांचे सगळे कोट ढीग करून ठेवलेले होते आणि मॅडम दारात उभ्या होत्या. "बेसिकली, हे सगळे सैल कर. आणि सामानाच्या खोलीतून कुलपाची किल्ली घेऊन ये, तुझं कपाट कोपऱ्यातलं."

कपाट कायम माणसांनाच मिळतं. आत्याला हे त्या थोराड वेटरने सांगितलं, कमर सैल करून घेता घेता. तो वर असंही म्हणाला की साहेबांनी परवा स्वयंपाकघरात सांगून ठेवलंय, अंडं चार फोडी करून पाठवा. त्यांना तसं का लागतं ते कुणाला ठाऊक नाही आणि ते एकच फोड खातात की चारही, ह्यावर वेटरांत मतभेद आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉटेलात जायच्या आधी, आत्या दारात बसून माझ्या शाळेच्या स्कर्टची दुमड उसवून लांबी वाढवत होती. टाचण्या ओठांत होत्या. तिने स्कर्ट माझ्या गुडघ्याला लावून पाहिला. आणखी कापड आत नव्हतं.

समोरून काकूंनी इस्त्री टेकवत विचारलं, "काय गं, कसं चाललंय?"

"विल डू," आत्या म्हणाली. त्यात प नव्हता, फ नव्हता, ब-भ नव्हते. टाचण्यांमधून ते दोन्ही शब्द धडधाकट बाहेर आले.

काकू दारापर्यंत आल्या. "कोण विल डू?"

आत्याने ह्या खेपेला टाचण्या काढल्या नाहीत.